साखरपुड्याची अंगठी निवडण्याआधी ती उलटी करून पाहा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की सराफ पेठांत साखरपुड्याच्या अंगठ्यांसाठी लगबग सुरू होते. शालू, कार्यालय, आचारी आणि छायाचित्रकार यांच्या निवडीत महिनोन्‌महिने जातात. अंगठी मात्र पुष्कळ घरांत अगदी शेवटच्या आठवड्यात, मोबाइलवरचे एखादे छायाचित्र दुकानदारापुढे धरून घेतली जाते. मी सराफी पेढीच्या हिरे विभागात बरीच वर्षे काम करून आता निवृत्त झालो आहे. जो दागिना रोज हातात राहायचा आहे, त्याची निवड केवळ वरून दिसणाऱ्या रूपावर होते, आणि तो कोणकोणत्या भागांनी बनला आहे हे ना गिऱ्हाईक विचारते ना विक्रेता आपण होऊन सांगतो, याची खंत मला नोकरीत असतानाही वाटत असे आणि आजही वाटते. या विषयाला आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जागा मिळावी, अशी विनंती करून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वाङ्‌निश्चय म्हणजे मुळात दोन्ही घरांनी चारचौघांसमक्ष दिलेला शब्द, गणपतीपूजन, मुलीला नेसवलेली साडी आणि साखरेचा पुडा. हिऱ्याच्या अंगठ्यांची देवाणघेवाण त्यात पुष्कळ नंतर आली. आधीच्या पिढ्यांच्या बोटात साधी मुदी किंवा सोन्याच्या तारेचे वेढणे असे, आणि खडा असलाच तर तो बहुधा ग्रहाचा, बंद कोंदणात बसवलेला असे. त्यामुळे घरातील जाणती माणसे पाटल्या नुसत्या तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज सांगतात, ठुशीच्या मण्यांवरून हात फिरवून काम ओळखतात, घडणावळीवर हक्काने घासाघीस करतात. पण हिऱ्याच्या अंगठीसमोर तीच माणसे गप्प बसतात आणि निर्णय मुलामुलींवर सोपवतात. मुलामुलींनी अंगठी पाहिलेली असते ती पडद्यावर, समोरून आणि मोठी करून. सोन्याची जाण एका पिढीकडे आणि घाटाची आवड दुसऱ्या पिढीकडे, अशी ही विभागणी झाल्यामुळे अंगठीच्या बांधणीकडे पाहणारे डोळेच खरेदीच्या वेळी हजर नसतात.

ही बांधणी आपल्या परंपरेतून आलेली नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे. वास्तविक हिरा हे रत्न जगाला दिले ते भारताने. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत मुख्यतः गोवळकोंड्याच्या बाजारातून जाणारा मालच जगभर पोहोचत होता. परंतु आपल्या जडावकामात खड्याच्या पाठीमागे चकाकी देणारा वर्ख ठेवून तो शुद्ध सोन्याच्या पातळ पट्टीने चहूबाजूंनी दाबून बसवण्याची पद्धत होती आणि हिऱ्याचे वजन राखण्याकडे कल असल्याने पैलू कमी पाडले जात. आज आपण ज्या अंगठीला साखरपुड्याची अंगठी म्हणतो, तिचा घाट पाश्चात्त्य आहे. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने हिरा धातूच्या सहा बारीक नख्यांच्या आधारावर बोटाभोवतीच्या कड्यापासून वर उचलून धरणारी अंगठी बाजारात आणली आणि एकच हिरा मिरवणाऱ्या अंगठीचे ते जवळजवळ प्रमाण ठरले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून डी बिअर्स या हिरे कंपनीने अमेरिकेत केलेल्या जाहिरातींनी हिरा आणि वाग्दान यांची सांगड लोकांच्या मनात पक्की केली. आपल्याकडे ही अंगठी तयार स्वरूपात आली, तिच्या भागांची ओळख मात्र मागे राहिली.

म्हणून आधी भागांविषयी लिहितो. अंगठी हातात घेऊन उलटी धरावी. बोटाभोवती जे कडे फिरते ते वळे. दुकानात त्याला बँड किंवा शँक म्हणतात. वळे वर जिथे हिऱ्याकडे चढते त्या दोन बाजू म्हणजे खांदे. हिरा ज्या घडणीत बसतो ते कोंदण किंवा डोके, आणि त्यात हिरा पकडून ठेवणारी धातूची बारीक टोके म्हणजे नख्या, ज्यांना सर्रास प्रॉन्ग म्हटले जाते. हिऱ्याच्या खाली, बोटाच्या वर, जी जाळीसारखी रचना दिसते ती गॅलरी, आणि नख्यांना एकमेकींशी जखडणारा आडवा दुवा म्हणजे पूल. खुर्चीच्या चार पायांना खालून आडव्या पट्ट्या नसतील तर ते जसे हळूहळू फाकतात, तशाच या दुव्याशिवायच्या उंच नख्या कालांतराने फाकतात. छायाचित्रात हा दुवा कधीच दिसत नाही, म्हणून अंगठी बाजूने पाहण्याचा आग्रह धरला पाहिजे.

वळ्याबद्दल सर्वांत जास्त फसगत होते. सोन्याचे भाव चढू लागल्यापासून कमी वजनात मोठी दिसणारी अंगठी घडवण्याकडे कल वाढला आहे. समोरून भरगच्च दिसणारे वळे आतून खरवडून पोकळ केलेले असते, किंवा तळहाताकडच्या बाजूला ते इतके निमुळते असते की वर्ष-दोन वर्षांत बादलीची कडी, पिशवीचे बंद, दुचाकीची मूठ यांच्या दाबाने अंगठीचा गोल जाऊन ती लंबगोल होते. वळे लंबगोल झाले की कोंदणावर ताण येतो आणि नख्या सैल पडतात. हिरा पडण्याचे कारण अशा वेळी वर नसून खाली असते. माझ्या मते रोज वापरायच्या अंगठीचे वळे सर्वांत बारीक जागीही दीड मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे नसावे. मोजपट्टी प्रत्येक पेढीवर असते. मोजून दाखवा म्हणावे. वळ्याच्या आतील कडा किंचित गोलसर केल्या असतील तर अंगठी बोटावर सुखाने बसते, आणि रुंद वळ्यात हे असणे फार जरूरीचे आहे.

नख्यांविषयी तर प्रत्येक घराला माहिती असायला हवी. चार नख्यांत हिरा मोकळा आणि मोठा दिसतो, सहा नख्यांत तो अधिक सुरक्षित असतो. चारपैकी एक झिजली तर हिरा डळमळू लागतो, सहापैकी एक झिजली तर उरलेल्या पाच त्याला बहुधा सांभाळून घेतात. नखीचे टोक हिऱ्यावर सपाट आणि गुळगुळीत टेकलेले असावे. मऊ रुमाल किंवा ओढणीचे टोक अंगठीवरून फिरवून पाहावे. धागा अडकला तर ते टोक वर उचललेले आहे असे समजावे. ज्या हिऱ्याला कोपरे आहेत, म्हणजे चौकोनी प्रिन्सेस, पाण्याच्या थेंबासारखा पेअर किंवा दोन्ही टोकांनी निमुळता मार्कीज, त्याच्या टोकांवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, टोक पूर्ण झाकणारी नखीच हवी. हिऱ्याचा काठिण्यांक मोह्झच्या मापनात १० आहे हे सर्वांना पाठ असते, पण तो कठीण आहे म्हणजे फुटत नाही असा समज चुकीचा आहे. स्फटिकाच्या ठरावीक प्रतलांत तो आघाताने चिरफाळू शकतो आणि उघडे कोपरे हे त्याचे सर्वांत नाजूक ठिकाण असते. खलबत्ता, पाट्यावरवंटा किंवा व्यायामशाळेतील लोखंडी दांडी हातात घेताना अंगठी काढून ठेवावी, असे विक्रीच्या वेळीच सांगितले गेले पाहिजे.

नख्यांना पर्याय म्हणजे बेझल, ज्यात धातूची सलग कड हिऱ्याला पूर्ण वेढते. ही रीत आपल्या बंद कोंदणाच्या जवळची असली तरी तिच्यात पाठ बहुधा मोकळी ठेवलेली असते. रुग्णालयात दिवसभर रबरी हातमोजे चढवणाऱ्या परिचारिकेला, प्रयोगशाळेत, यंत्रावर किंवा शेतात काम करणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला घेऊन वावरणाऱ्या आईला मी नेहमी बेझल सुचवत असे, कारण त्यात काही अडकत नाही आणि हिऱ्याची कड झाकलेली राहते. हिरा थोडा लहान दिसतो, ही तक्रार खरी आहे. तरीही हिरा गमावण्यापेक्षा तो किंचित लहान दिसलेला बरा, हे माझे मत मी आजही ठामपणे मांडतो.

आता शैलींकडे वळतो. एकच हिरा असलेली सॉलिटेअर सर्वांना ठाऊक आहे; तिच्यात पाहायचे ते डोक्याची उंची आणि पूल. खांदे कमानीसारखे वर चढून कोंदणाला दोन्ही बाजूंनी आधार देतात ती कॅथीड्रल. दिसायला रुबाबदार आणि बांधणीला मजबूत, पण उंच असल्यामुळे केसांत आणि लोकरीच्या कपड्यांत अडकणारी. मधल्या खड्याभोवती लहान हिऱ्यांचे कडे असते ती हेलो. या घाटाचे सर्वांत गाजलेले पूर्वरूप म्हणजे १९८१ साली ब्रिटनच्या राजघराण्यात डायनाच्या बोटात आलेली अंगठी, जिच्यात १२ कॅरटच्या लंबगोल सिलोनी नीलमाभोवती १४ हिरे आहेत आणि जी २०१० साली तिच्या थोरल्या मुलाच्या वाग्दत्त वधूला मिळाली. हेलोमुळे मधला हिरा लहान असूनही अंगठी भरलेली दिसते, म्हणून मध्यमवर्गीय घरांत ती फार खपते. मात्र प्रत्येक बारीक हिऱ्यामागे आणखी दोन-चार सूक्ष्म नख्या आल्या आणि तेवढीच देखभालही आली, हे कोणी सांगत नाही.

वळ्यावर बारीक हिऱ्यांची रांग बसवलेली असते ती पाव्हे. तिच्यात धातूचेच सूक्ष्म दाणे उचलून हिरे पकडलेले असतात आणि हे दाणे झिजले की एकेक हिरा गळू लागतो. याच रांगेला दोन्ही बाजूंनी धातूची भिंत दिली की ती चॅनल होते आणि रोजच्या वापराला अधिक टिकते. तीन हिऱ्यांची अंगठी देखणी असते आणि तिचे तिन्ही खडे सारख्या रंगाचे आहेत ना, एवढे पाहिले की पुरते. पूर्ण वळ्यावर सलग हिरे असलेली इटर्निटी आणि केवळ धातूच्या दाबावर हिरा तोललेली टेन्शन, या दोन्ही शैलींच्या अंगठ्यांचे माप पुढे बदलणे अतिशय अवघड, बहुतेक वेळा अशक्यच असते. बाळंतपणानंतर किंवा वयानुसार बोटे जाड होतात, हे प्रत्येक घर जाणते. मग ज्या अंगठीचे माप वाढणार नाही ती साखरपुड्यासाठी सुचवताना विक्रेत्याने ही गोष्ट आधी सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

धातूवरून घराघरांत होणारे वाद मी अगणित वेळा ऐकले आहेत. वडीलधाऱ्यांना २२ कॅरटच हवे असते, कारण मोडीला तेच बरे, आणि पाटल्या-बांगड्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे योग्यच आहे. परंतु २२ कॅरटमध्ये सोने जवळपास ९१.६ टक्के असते आणि ते इतके मऊ असते की त्याच्या बारीक नख्या सहज वाकतात; १८ कॅरटमध्ये सोने ७५ टक्के आणि उरलेला भाग तांबे, चांदी आदी धातूंचा असल्याने तो मिश्रधातू नखी ताठ ठेवतो. हिऱ्याची नखीदार अंगठी १८ कॅरटची असणे हा सराफाने केलेला काटकसरीचा डाव नाही, ती बांधणीची गरज आहे. पांढऱ्या सोन्याबाबत एक गोष्ट गिऱ्हाइकाला आवर्जून सांगितली पाहिजे: त्याची चकचकीत शुभ्रता बहुतेक वेळा रोडियम या धातूच्या मुलाम्याची असते, तो मुलामा वापराने उतरतो आणि खालचा किंचित पिवळसर रंग दिसू लागतो. त्यात काही खोट नसते. ठरावीक काळाने मुलामा पुन्हा द्यावा लागतो, इतकेच. प्लॅटिनम ९५० या प्रतीचे, म्हणजे हजारात ९५० भाग शुद्ध, असते, त्याला मुलामा लागत नाही आणि त्याच्या नख्या दीर्घकाळ टिकतात. मात्र त्याच घाटाची अंगठी १८ कॅरट सोन्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जड भरते आणि प्लॅटिनम वितळायला १,७६८ अंश सेल्सिअस तापमान लागत असल्याने तालुक्याच्या गावातील सोनाराकडे तिची दुरुस्ती सहसा होत नाही. मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्यांनी हा विचार खरेदीआधी करावा.

हिऱ्याविषयी बाजारात इतके बोलले जाते की मी थोडक्यातच लिहितो. गोल ब्रिलियंट हिऱ्याला टोकाचा बारीक पैलू धरून ५८ पैलू असतात आणि प्रकाश वर परत फेकण्यासाठी त्यांचे कोन कसे असावेत, याची मांडणी बेल्जियमच्या हिरे घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणिताने केली. त्यामुळे वजनापेक्षा पैलूंच्या प्रमाणबद्धतेला आधी महत्त्व द्यावे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. एक कॅरटचा चांगला पैलूदार गोल हिरा वरून सुमारे ६.५ मिलिमीटर दिसतो, तर ५० सेंटचा सुमारे ५.१ ते ५.२, म्हणजे वजन निम्मे होऊनही व्यास जेमतेम एक पंचमांशाने घटतो. किंमत मात्र निम्म्याहूनही बरीच खाली येते. शिवाय पिवळ्या सोन्याच्या नख्यांत किंचित पिवळसर छटेचा हिराही पांढरा दिसतो, तोच प्लॅटिनममध्ये उघडा पडतो; म्हणजे हिऱ्याच्या रंगाची प्रत ठरवण्याआधी धातू ठरला पाहिजे. आपल्या दुकानांत हा क्रम नेहमी उलटा असतो.

खड्याच्या जातीबाबत स्पष्ट बोलण्याची गरज आहे. अमेरिकन डायमंड या नावाने जो खडा मिळतो तो झिरकोनिया हा कृत्रिम खडा असतो, हिरा नसतो. मॉयसनाइट हेही वेगळे रत्न आहे, काठिण्यांक ९.२५ असल्याने ते टिकाऊ आहे, पण केवळ उष्णतावहनावर चालणारे साधे तपासणी यंत्र त्याला हिरा समजू शकते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र रसायन आणि काठिण्य या दोन्ही दृष्टींनी हिराच असतो. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा याच प्रकारचा होता. तो घेण्यात कमीपणा मुळीच नाही. कमी खर्चात चांगल्या बांधणीची अंगठी घेता येते, आणि कर्ज काढून मोठा खाणीतला हिरा घेण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचे आहे. मात्र त्याचा भाव गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरला असल्याने परतखरेदीची अट लेखी घ्यावी आणि बिलावर तो प्रयोगशाळेतील असल्याचा शब्द ठळक असावा.

मापाविषयी दोन शब्द. आपल्याकडे चालणारा मापाचा आकडा म्हणजे ढोबळमानाने बोटाचा मिलिमीटरमधील घेर वजा ४०. ५४ मिलिमीटर घेर असेल तर माप १४. अमेरिकेत तेच माप ७ म्हणून ओळखले जाते, त्यामुळे परदेशी असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे माप फोनवर घेताना कोणत्या पद्धतीचा आकडा आहे ते आधी विचारावे. माप सकाळच्या थंडीत घेऊ नये, कारण उन्हात आणि दिवसअखेर बोटे फुगतात. आणि ज्या हाताच्या ज्या बोटात अंगठी घालायची त्याचेच घ्यावे, कारण उजव्या-डाव्यात फरक असतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत साखरपुड्याची अंगठी आणि चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेले लग्नाचे वळे, अशी दोन एकाच बोटात घालण्याची पद्धत अनेकांकडे आहे. तिथे दोन्ही एकमेकांना घासणार नाहीत असे कोंदण निवडणे आणि दोन्ही एकत्र घालून माप घेणे चांगले.

स्वच्छतेचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तोही निवडीशी जोडलेला आहे. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करण्यासाठी ग्रीस लावलेले पृष्ठभाग वापरले जात, ते याच गुणामुळे. आपल्या स्वयंपाकघरातील तेल-तूप, हळदी समारंभातील उटणे आणि रोजची क्रीम हिऱ्याच्या पाठीला थर धरतात आणि हिरा निस्तेज दिसतो. गॅलरी मोकळी असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी घरीच तो लख्ख होतो. ज्यांना आपल्या परंपरेतील जडावाची अंगठी हवी, त्यांनी जरूर घ्यावी, मला ती फार आवडते. परंतु तिच्या कोंदणात लाख आणि वर्ख असल्याने ती पाण्यात बुडवू नये आणि रोजच्या कामात घालू नये.

आता बिलाकडे येतो, कारण तिथेच दुरुस्तीची सर्वाधिक गरज आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची विशिष्ट ओळखखूण, म्हणजे एचयूआयडी, नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आतील बाजूस भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, १८ कॅरटसाठी ७५० असा शुद्धतेचा आकडा आणि ही ओळखखूण अशी तीन चिन्हे दिसली पाहिजेत. ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर ती खूण घालून तपासता येते. शुद्धता कमी निघाली तर त्या कमतरतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. परंतु २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने आणि कुंदन, पोलकी, जडावाचे काम या सक्तीतून वगळलेले आहे. हलक्या वजनाच्या नाजूक अंगठ्या नेमक्या या पळवाटेत बसतात, आणि साखरपुड्याला अशाच अंगठ्या घेणारी कुटुंबे पैशाने सर्वांत अडचणीत असतात. ही सूट निदान हिरेजडित अंगठ्यांपुरती तरी काढून टाकावी, अशी माझी ब्युरोला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

दुसरी विनंती राज्यातील सराफ संघटनांना. मुंबईचा झवेरी बाजार, पुण्याचा लक्ष्मी रस्ता, कोल्हापूरची गुजरी किंवा जळगावचा सराफ बाजार, कुठेही गेले तरी हिऱ्याच्या अंगठीच्या बिलावर एकूण वजन, सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन आणि घडणावळ एवढेच बहुधा लिहिलेले असते, आणि काही ठिकाणी निव्वळ वजनही स्पष्ट नसते. त्यात आणखी चार गोष्टी लिहायला एक मिनिट लागणार नाही: कोंदणाचा प्रकार आणि नख्यांची संख्या, वळ्याची सर्वांत कमी जाडी, माप बदलता येईल की नाही, आणि नख्यांची तपासणी किती काळ विनामूल्य होईल. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात आपल्याच कारागिरांनी घडवलेल्या हिरेजडित अंगठ्या अमेरिकेच्या बाजारात जातात, तेव्हा तिकडील खरेदीदार या बांधणीची बारकाईने तपासणी करून घेतात. तेच कौशल्य, तीच माणसे आणि तीच मोजपट्टी आपल्याकडे आहे. मराठी गिऱ्हाइकाला मराठीत लिहून द्यायला अडचण कोणती, हे मला समजत नाही.

तिसरी विनंती आपल्याला. लग्नसराईच्या पुरवण्यांमध्ये वृत्तपत्रे अंगठ्यांची सुंदर छायाचित्रे छापतात. येत्या हंगामात अशा एखाद्या पानावर अंगठीचे बाजूने आणि उलट बाजूने काढलेले एक साधे रेखाचित्र, त्यावर वळे, खांदे, कोंदण, नख्या, गॅलरी आणि पूल यांची नावे घालून छापावे. ते कात्रण हातात घेऊन चार कुटुंबे जरी पेढीवर गेली आणि त्यांनी अंगठी उलटी करून दाखवायला सांगितले, तरी विक्रेत्यांना उत्तरे तयार ठेवावी लागतील. रेखाचित्र काढून द्यायला आणि ते तपासून द्यायला मी कोणत्याही मोबदल्याशिवाय तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सराफी कर्मचारी, कोल्हापूर